मनःस्थिती आणि जठराग्नी

पचनाचा विचार करताना सामान्यतः दोन गोष्टी पाहिल्या जातात: काय खाल्ले आणि किती खाल्ले. आयुर्वेदाच्या ग्रंथकारांनी त्यांच्या जोडीला तिसरी गोष्ट ठेवली आहे, ती म्हणजे खाणाऱ्याची मनःस्थिती.

चरकसंहितेच्या विमानस्थानातील दुसऱ्या अध्यायात आहाराच्या मात्रेचा विचार आला आहे. जठराच्या अवकाशाचे तीन भाग कल्पून एक घन अन्नासाठी, एक द्रवासाठी आणि एक वात, पित्त व कफ यांच्या संचारासाठी राखावा, असा तेथील नियम आहे. परंतु एवढ्यावर ग्रंथकार थांबत नाही. अन्न पथ्यकर असले व योग्य मात्रेत घेतले, तरी चिंता, शोक, भय, क्रोध, त्रासदायक शय्या आणि जागरण यांमुळे ते पचत नाही, असे तो पुढे सांगतो. अन्नाचा दोष आणि मात्रेचा दोष हे दोन्ही वगळल्यावरही मनाचा परिणाम शिल्लक राहतो, हे येथे स्पष्ट केले आहे.

अग्नी आणि मनोविकार

आयुर्वेदाने पचनाचे कार्य ‘अग्नी’ या कल्पनेच्या आधारे मांडले आहे. जठराग्नी १, पंचमहाभूतांचे अग्नी ५ आणि सप्तधातूंचे अग्नी ७, असे एकूण १३ अग्नी मानले असून त्यांत जठराग्नी प्रमुख होय. त्याच्या चार अवस्था आहेत. तिन्ही दोष समतोल असता तो सम असतो. वाताच्या प्राबल्याने विषम, पित्ताच्या प्राबल्याने तीक्ष्ण आणि कफाच्या प्राबल्याने मंद होतो. भय व शोक यांनी वात आणि क्रोधाने पित्त प्रकुपित होते, असेही चरकाने म्हटले आहे. म्हणजे मनातील क्षोभ दोषांच्या द्वारे अग्नीपर्यंत पोहोचतो, अशी ही कार्यकारणपरंपरा आहे.

ती केवळ तात्त्विक राहिली नाही. चिकित्सास्थानात अतिसाराचे सहा प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकी चार दोषांमुळे होणारे असून उरलेले दोन भय आणि शोक यांपासून उद्भवणारे आहेत. या दोहोंवर वातशामक उपचार करावेत, तसेच रोग्याचे मन प्रसन्न करावे व त्याला धीर द्यावा, असे विधान आहे. धीर देणे ही येथे उपचाराला जोडलेली सौजन्याची बाब नसून उपचाराचाच एक भाग आहे.

प्रयोगशाळेतील पुरावा

पाश्चात्त्य वैद्यकात या संबंधाचा प्रत्यक्ष पुरावा एका अपघातातून मिळाला. १८२२ साली अमेरिकेतील मॅकिनॅक बेटावर अलेक्सिस सेंट मार्टिन या तरुणाच्या पोटात बंदुकीचा बार घुसला. जखम भरली, पण जठरात उघडणारे छिद्र कायम राहिले. लष्करी शल्यवैद्य विल्यम बोमाँट यांनी त्यातून पचनाचे निरीक्षण केले आणि १८३३ साली ते ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. भय व क्रोध यांच्या प्रसंगी जठराच्या अंतस्त्वचेचे स्वरूप पालटते आणि रसस्राव बिघडतो, असे त्यांना आढळले.

रशियन शास्त्रज्ञ इव्हान पाव्हलोव्ह यांनी कुत्र्यांवर प्रयोग केले. गिळलेला घास जठरात न पोहोचता अन्ननलिकेतूनच बाहेर पडेल, अशी त्यांनी व्यवस्था केली होती. तरीही काही मिनिटांत जठररस वाहू लागे. मात्र व्हेगस हे मज्जातंतू कापले, की तो वाहत नसे. अन्नाची आवड आणि भूक यांचा संदेश मज्जातंतूंवाटे जातो, हे यावरून सिद्ध झाले. पचनविषयक संशोधनाबद्दल पाव्हलोव्ह यांना १९०४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. वॉल्टर कॅनन यांनी मांजराला बिस्मथ मिसळलेले अन्न देऊन क्ष-किरणांच्या साहाय्याने जठराची हालचाल पाहिली. मांजर क्षुब्ध होताच ती हालचाल थांबे आणि ते शांत झाल्यावर पुन्हा सुरू होई. हे निरीक्षण १८९८ साली प्रसिद्ध झाले.

आतड्याच्या भिंतीत कोट्यवधी मज्जापेशींचे स्वतंत्र जाळे असते आणि व्हेगसमधील बहुसंख्य तंतू पोटाकडून मेंदूकडे संदेश नेतात, हे आज ज्ञात आहे. म्हणून हा संबंध दुहेरी आहे: मनामुळे पोट बिघडते, तसेच पोटामुळे मनही अस्वस्थ होते.

साम्य आणि मर्यादा

यावरून अग्नी म्हणजे जठररस आणि वात म्हणजे मज्जातंतू, अशी समीकरणे मांडणे योग्य नव्हे. त्या संकल्पना वेगळ्या विचारपद्धतीतील आहेत. दोहोंत जुळते ते निरीक्षण. उपपत्ती जुळतेच असे नाही.

दुसरी मर्यादा अधिक महत्त्वाची आहे. जठरव्रण हा मुख्यतः चिंतेचा व तिखट खाण्याचा परिणाम आहे, असा समज दीर्घकाळ रूढ होता. १९८२ साली ऑस्ट्रेलियातील बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरेन यांनी हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूचा शोध लावला आणि व्रणाचे ते एक प्रमुख कारण ठरले. त्यांना २००५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. काही वेदनाशामक औषधांनीही व्रण होतात. अशा रोग्याला ‘चिंता सोडा’ एवढाच सल्ला देणे म्हणजे बरा होणारा रोग तसाच राहू देणे होय. उलट, ‘इरिटेबल बॉवेल सिंड्रोम’ या विकारात नेहमीच्या तपासण्यांत काही दोष दिसत नाही, तरी पोटदुखी व शौचाच्या तक्रारी खऱ्या असतात. तेथे मानसोपचारांचा पुष्कळांना लाभ होतो. अशा रोग्याचा त्रास ‘मनाचे खेळ’ म्हणून झिडकारणे तितकेच चुकीचे आहे.

म्हणून शौचात रक्त पडणे, शौचास काळे होणे, कारणावाचून वजन घटणे, गिळताना अडथळा येणे किंवा रक्तक्षय होणे, यांपैकी काहीही आढळल्यास मनःस्थितीचा विचार करीत न बसता प्रथम वैद्यकीय तपासणी करून घ्यावी.

नित्याच्या जेवणापुरता मात्र विमानस्थानातील उपदेश आजही आचरणात आणता येण्याजोगा आहे: आधीचे अन्न जिरल्यावर, अनुकूल स्थळी, फार घाईने नव्हे व फार रेंगाळतही नव्हे, अन्नाकडे चित्त देऊन जेवावे. त्यासाठी द्रव्य लागत नाही. घरात एक सवय मात्र लावून घ्यावी लागते: मुलाची परीक्षा, पैशांची ओढाताण आणि भाऊबंदकीचे वाद यांची बोलणी ताटावर न काढता जेवणानंतर करावीत.