कानातील शीळ आणि वीणेची तार



प्रस्तुत लेखात आम्ही अशा एका दुखण्याचा विचार करणार आहोत, जे डोळ्यांना दिसत नाही आणि म्हणूनच ज्यावर सहसा कोणाचा विश्वास बसत नाही. मोठा आवाज अचानक कानावर आदळल्यानंतर कानात सतत शीळ वाजत राहते. तिला कर्णनाद म्हणतात. पुष्कळदा तिच्यापाठोपाठ साधे आवाजही सहन होईनासे होतात.

पनवेल परिसराला मोठे आवाज नवे नाहीत. जुन्या मुंबई-पुणे महामार्गावरील अवजड वाहने, दगडखाणींतील सुरुंग, विमानतळासाठी उलव्याची टेकडी फोडताना झालेले स्फोट हे सारे आपण ऐकले आहे. त्यात दिवाळीतील सुतळी बॉम्ब, वराती, विसर्जन आणि, स्पष्टच लिहावयाचे तर, आपल्या १४ एप्रिलच्या मिरवणुकांतील डीजेच्या भिंती यांची भर पडते.

आपल्या अंतर्कर्णात गोगलगाईच्या शंखासारखा एक अवयव असतो. त्यात सुमारे १५ हजार सूक्ष्म केशपेशी असून ध्वनिकंपनांचे संदेशांत रूपांतर करून ते मेंदूकडे जाणाऱ्या मज्जातंतूंना देणे हे त्यांचे कार्य. मोठ्या आवाजाने या पेशी थकतात. कानाला दडे बसतात, शीळ वाजते, आणि बहुधा एक-दोन दिवसांत सर्व पूर्ववत होते. परंतु आघात तीव्र असेल तर काही पेशी मरतात, आणि मनुष्याच्या कानात त्या पुन्हा उगवत नाहीत. कानाकडून येणारे संदेश रोडावले की मेंदू ती उणीव भरून काढण्यासाठी आपली ग्रहणशक्ती वाढवितो. बाहेर नसलेली शीळ ऐकू येते ती बहुधा यामुळेच, आणि ताटलीचा खणखणाट असह्य होतो तोही यामुळेच, असे तज्ज्ञ मानतात.

किती आवाज किती वेळ सोसावा, याचे एक गणित आहे. प्रौढ कामगारासाठी ८५ डेसिबलला ८ तास ही मर्यादा धरली, तर पुढे दर ३ डेसिबलला हा अवधी निम्मा होतो. म्हणजे १०० डेसिबलला केवळ १५ मिनिटे उरतात. डीजेच्या भिंतीपुढील आवाज ही पातळी सहज ओलांडतो, आणि तेथे मुले तास-तास नाचतात. फटाक्याचा स्फोट तर इतका शीघ्र असतो की मध्यकर्णातील संरक्षक स्नायू आवळण्यापूर्वीच तो आत पोहोचलेला असतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या वसतिगृहातील आठवीचा एक विद्यार्थी गावची मिरवणूक आटोपून परतला तो कानात शीळ घेऊनच. आठवड्याभरात तो भोजनगृहात येईनासा झाला, कारण ताटल्यांचा आवाज त्याला सुईसारखा टोचे. दिवसभर तो कानांत कापसाचे बोळे घालून बसू लागला. श्रवणतपासणीचा आलेख सामान्य आला, तेव्हा मुलगा सोंग करतो असेही काहींनी म्हटले. येथे सर्वांनी ध्यानात ठेवावे की आलेख सामान्य असूनही कर्णनाद असू शकतो. अशा मुलावर विश्वास ठेवणे हा उपचाराचा पहिला भाग होय.

दुसरा भाग समजण्यासाठी राजगृहाजवळ सीतवनात साधना करणाऱ्या सोण भिक्खूची कथा आठवावी. चंक्रमण करून करून त्याचे पाय रक्तबंबाळ झाले, आणि निराश होऊन तो घरी परतण्याच्या विचारात होता. तो पूर्वी उत्तम वीणावादक होता. तथागतांनी त्याला विचारले की तार फार ताणली तर वीणा वाजते काय, आणि फार सैल सोडली तर वाजते काय? कानाचेही तसेच आहे. मोठ्या आवाजात पुन्हा जाणे हे एक टोक. ठार शांततेत कोंडून घेणे हे दुसरे. कारण कान झाकून ठेवले की मेंदू आपली ग्रहणशक्ती आणखीच वाढवितो, आणि त्रास वाढतो.

त्या विद्यार्थ्याला तज्ज्ञांनी हाच मध्यम मार्ग सांगितला. बोळे हळूहळू काढावयाचे; रात्री पंख्याचा किंवा पावसाच्या ध्वनिमुद्रणाचा मंद आवाज शिळेहून किंचित खाली ठेवावयाचा; प्रथम कोपऱ्यात, मग मित्रांच्या पंक्तीत जेवावयाचे. खरोखरच्या गोंगाटात मात्र कानाला संरक्षण हवेच. शीळ पुसून टाकणारे खात्रीचे औषध आज नाही. परंतु समुपदेशन, पुरेशी झोप व संयम यांच्या साहाय्याने मेंदू तिच्याकडे दुर्लक्ष करावयास शिकतो. आमचा विद्यार्थी पाच महिन्यांनी पंक्तीत बसू लागला. शीळ पूर्ण गेली नाही. तिची भीती गेली.

पालकांना काही सूचना. कानात कोमट तेल वा लसणीचे तेल घालू नये. अचानक ऐकू कमी येणे, चक्कर, कानातून रक्त किंवा स्राव यांपैकी काहीही आढळल्यास त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांना गाठावे. आरंभीचे दिवस मोलाचे असतात. पुढील तपासणीसाठी वांद्रे येथील अली यावर जंग राष्ट्रीय संस्था पनवेलहून लोकलने गाठता येते.

प्रश्न वैद्यकापुरता नाही. ध्वनिप्रदूषण नियम, २००० अन्वये निवासी क्षेत्रात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि शाळा-रुग्णालयांभोवतीचा १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र ठरविता येतो. सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २००५ च्या निर्णयात गोंगाटापासून मुक्तता ही संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काशी जोडली आहे. ज्या संविधानाचा आपण अभिमान बाळगतो, त्याच्या शिल्पकाराची जयंती त्याच अनुच्छेदाला दडपून कशी साजरी करावी? इतरांचे डीजे वाजतात म्हणून आपलेही वाजावेत, हा युक्तिवाद बाबासाहेबांच्या अनुयायांना शोभत नाही.

यास्तव आमची सूचना साधी आहे. येत्या १४ एप्रिलला आपल्या वस्तीत डीजेची वर्गणी ग्रंथालयासाठी किंवा विद्यार्थ्यांच्या श्रवणतपासणीसाठी वळवावी. लेझीम खेळावे, भीमगीते गावीत, व्याख्याने ठेवावीत. आणि मिरवणुकीच्या कडेला उभ्या असलेल्या लहान मुलाला दुसऱ्या दिवशी वर्गात शिक्षकांचा शब्द स्वच्छ ऐकू यावा, एवढी काळजी घ्यावी. 'शिका' हा आदेश प्रथम कानांवाटेच आत जातो.