काम पूर्ण झाले, असे केव्हा म्हणावयाचे?

१७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, बीड शहर प्रवासी रेल्वेने अहिल्यानगरशी जोडले गेले. अहिल्यानगर-बीड-परळी हा नियोजित मार्ग २६१ किलोमीटरचा. त्याचा आष्टीपर्यंतचा टप्पा २३ सप्टेंबर २०२२ रोजीच खुला झाला होता.

रूळ अंथरले म्हणजे मार्ग पूर्ण झाला, असे रेल्वे मानीत नाही. १९८९ च्या रेल्वे अधिनियमान्वये रेल्वे सुरक्षा आयुक्तांनी रुळांची रचना, पुलांची मजबुती इत्यादींची पाहणी करून अहवाल दिल्यावाचून व मंजुरी मिळाल्यावाचून नव्या मार्गावर प्रवासी वाहतूक सुरू करता येत नाही. हे आयुक्त रेल्वे मंत्रालयाच्या नव्हे, तर नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या प्रशासकीय कक्षेत येतात, ही गोष्ट मुद्दाम लक्षात घेण्यासारखी आहे. बांधणाऱ्यानेच आपल्या बांधकामास दाखला द्यावा, हा प्रकार त्यामुळे टळतो.

रेल्वेपाशी कायदा आहे. जेथे तो नाही, तेथे पूर्णत्वाची कसोटी काम करणाऱ्यांनाच ठरवावी लागते. संगणकाच्या आज्ञावली तयार करणाऱ्या गटांचा अनुभव या दृष्टीने उद्बोधक आहे. ‘ॲजाइल’ विचारसरणीतील ‘स्क्रम’ या प्रचलित पद्धतीत काम महिनाभराच्या किंवा त्याहून लहान टप्प्यांत केले जाते. आज्ञावली लिहिणारा म्हणतो, काम झाले. तपासणारा म्हणतो, चाचणी व्हावयाची आहे. आणि वापरणाऱ्याच्या हाती तर काहीच पडलेले नसते. म्हणून हे गट पूर्णत्वाची व्याख्या आधीच ठरवून सर्वांसमोर ठेवतात. तीत न बसणारे काम टप्प्याअखेरच्या आढाव्यात मांडता येत नाही. ते बाकी कामांच्या यादीत परत जाते. ‘नव्वद टक्के झाले’ या आपल्याकडील लाडक्या उत्तरास तेथे जागा नाही.

ग्रामपंचायतींना हा विचार परका वाटू नये. १५ ऑगस्ट २०१९ रोजी जाहीर झालेल्या जल जीवन मिशनने कार्यरत घरगुती नळजोडणी म्हणजे काय, हे सांगितले: दरडोई दररोज किमान ५५ लिटर, विहित गुणवत्तेचे पाणी, तेही नियमित. टाकी उभी राहिली, जलवाहिनी पुरली, तोटी बसली, एवढ्याने ही व्याख्या पुरी होत नाही.

बीडसारख्या अवर्षणप्रवण जिल्ह्यात तीत आणखी एक कलम घालणे इष्ट ठरेल. पावसाळा सरताना विहीर भरलेली असते. त्या वेळी घेतलेली चाचणी कोणतीही योजना उत्तीर्ण करील. योजनेचा उद्भव मे महिन्यात किती पाणी देतो, हेच खरे पाहावयास हवे. सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी, अभियंता व ठेकेदार यांनी कार्यारंभ आदेशापूर्वी एकत्र बसून ही कलमे लिहावीत, ग्रामसभेत वाचून दाखवावीत, आणि अंतिम देयकापूर्वीच्या पाहणीस सर्वांत दूरच्या वस्तीवरील, पाणी भरणाऱ्या एखाद्या भगिनीस अवश्य बोलवावे.