झील, ठेका आणि पहिला धडा : नाशिकच्या आदिवासी पट्ट्यातील गीत-नृत्यपरंपरा आणि आरंभीचे भाषाशिक्षण

नाशिक जिल्ह्याच्या सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर व कळवण या तालुक्यांत कोकणा, वारली, महादेव कोळी आणि भिल्ल या समाजांची वस्ती मोठी आहे. यांतील अनेक घरांतले मूल पहिलीत येते तेव्हा त्याच्या दृष्टीने प्रमाण मराठी ही जवळची, परंतु दुसरीच भाषा असते. शाळेच्या व्यवहारात मात्र ती त्याची मातृभाषा आहे असे गृहीत धरले जाते. परिणामी हे मूल भाषेच्या बाबतीत नवशिके असूनही त्याला नवशिक्याचा धडा मिळत नाही. वर्गातील त्याचे मौन मग मंदबुद्धीचे लक्षण ठरते. अशा भाषार्थीच्या पहिल्या धड्याला परिसरातील गीत-नृत्यपरंपरा काय देऊ शकते आणि तिच्या उपयोगाच्या मर्यादा कोणत्या, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

परंपरेतील ऐकणे

या पट्ट्यातील प्रमुख वाद्ये म्हणजे पावरी, तारपा, संबळ आणि थाळी. पावरी व तारपा ही सुकलेल्या भोपळ्याचा उपयोग करून बनविलेली फुंकवाद्ये होत. थाळीवाद्यात काशाच्या थाळीवर मेणाने एक काडी उभी करतात आणि तिच्यावरून बोटे ओढून अखंड नाद काढतात. या नादाच्या आधाराने कणसरी या धान्यदेवतेची कथा गायिली जाते. मार्गशीर्षातील डोंगऱ्यादेवाच्या उत्सवात पावरीच्या साथीने नाच होतो. भवाडा अथवा बोहाडा या मुखवट्यांच्या उत्सवात सोंगागणिक संबळाचा ठेका बदलतो.

भाषाशिक्षणाच्या दृष्टीने यातील एक विशेष महत्त्वाचा आहे. तारपकऱ्याने सुरावट बदलली की नाचणाऱ्यांची साखळी पावले बदलते. येथे ऐकणाऱ्याने काही बोलावे अशी अपेक्षा नाही. त्याला ऐकलेले कळले आहे, हे त्याच्या पावलांवरून सिद्ध होते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेम्स अ‍ॅशर यांनी १९६०च्या दशकात, आज्ञा ऐकून शरीराने कृती करणे ही भाषाशिक्षणाची पहिली पायरी मानणारी पद्धती मांडली. बोलण्याआधी आकलन, हे तिचे मुख्य सूत्र होय. सुरगाण्याचे मूल या सूत्राचा अनुभव शाळेत येण्यापूर्वीच घेऊन आलेले असते.

झीलकऱ्याचे स्थान

दुसरा विशेष झील धरण्याचा. मुख्य गायक ओळ सांगतो, साथीदार तिचा शेवट उचलतात. झीलकऱ्याला संपूर्ण गीत येत असण्याची आवश्यकता नसते. एवढेच असले तरी तो गायनाचा पूर्ण सहभागी असतो. चूक झाली तर ती समूहाच्या आवाजात विरून जाते, आणि पुढच्या आवर्तनात तीच ओळ सुधारण्याची संधी पुन्हा येते. नवशिक्या भाषार्थीला नेमक्या याच दोन गोष्टी हव्या असतात : अपुऱ्या ज्ञानावरही मिळणारा सहभाग आणि अपमानाशिवाय होणारी पुनरावृत्ती.

ही व्यवस्था अन्यत्रही आढळते. जॉर्जियातील बहुस्वरी गायनाला युनेस्कोने २००१ साली मानवजातीच्या मौखिक वारशाचा दर्जा दिला. त्यातील अनेक गीतांत वरचे आवाज गुंतागुंतीने फिरत असताना समूह खालचा एकच स्वर धरून असतो. जॉर्जियन भाषा नव्याने शिकणाऱ्याला या खालच्या स्वरात आरंभीच जागा मिळू शकते. 'म्रावालझामिएर' या मेजवानीगीताचा शब्दभार तर मुख्यतः दीर्घायुष्य चिंतणाऱ्या त्या एका शब्दावर पेललेला आहे. एक शब्द येणारा पाहुणाही तेथे गाऊ शकतो.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर ताराबाई मोडक (१८९२–१९७३) आणि अनुताई वाघ (१९१०–१९९२) यांचे कार्य या संदर्भात आठवणे अपरिहार्य आहे. बोर्डी येथे १९४५ साली सुरू झालेले आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर स्थिरावलेले हे काम वारली मुलांमध्ये होते. अंगणवाडी आणि कुरणशाळा या त्यांच्या कल्पनांमागील तत्त्व असे की, मूल शाळेकडे येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे. हेच तत्त्व भाषेला लावले तर पहिल्या धड्याने मुलाच्या गीताकडे जावे, असा निष्कर्ष निघतो.

मर्यादा

हा निष्कर्ष सरसकट स्वीकारणे मात्र धोक्याचे आहे. डोंगऱ्यादेवाचे वा कणसरीचे गायन विधीशी आणि ऋतूशी बांधलेले आहे. ते उचलून वर्गात आणणे म्हणजे समाजाची अनुमती न घेता त्याच्या श्रद्धेचे पाठ्यसाहित्य करणे होय. शिवाय गीताची भाषा रोजच्या बोलण्याची भाषा नसते. तिच्यात जुनी रूपे असतात आणि लयीसाठी अक्षरे ताणली जातात. म्हणून गीतातून घ्यायची ती त्याची रचना : प्रश्नोत्तर, यादी, आवर्तन. पवित्र संहिता जेथल्या तेथे राहू द्यावी.

याहून गंभीर मर्यादा शाळेची स्वतःची आहे. स्नेहसंमेलनात आदिवासी नृत्य हौसेने बसविले जाते आणि दुसऱ्या दिवशी वर्गात त्याच मुलांची बोली 'अशुद्ध' ठरते. व्यासपीठावर नाच आणि वर्गाबाहेर भाषा, ही विभागणी परंपरेचा गौरव करीत नाही, तिला मुकी करते. संविधानातील ३५०-क हा अनुच्छेद भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाच्या सोयी देण्याविषयी सांगतो. २००९चा शिक्षणहक्क कायदाही व्यवहार्य असेल तेथवर मातृभाषेचे माध्यम सुचवितो. बोलीला 'मराठीच' मानून टाकले की या दोन्ही तरतुदींचा प्रश्नच उपस्थित होत नाही.

धड्याची मांडणी

व्यवहारात धड्याचा क्रम पुढीलप्रमाणे ठेवता येईल. प्रथम शिक्षकाने मुलांकडून एखादे खेळगीत ऐकावे आणि स्वतः झील धरावी. नंतर त्याच ठेक्यावर मुलांनी 'बस, ऊठ, ये, जा' यांसारख्या प्रमाण मराठीतील आज्ञा कृतीने पाळाव्यात. पुढे एका ठरीव चौकटीत एकच शब्द बदलत न्यावा. बागलाण-मालेगावकडील अहिराणी घरातले मूल 'आहे'च्या जागी 'शे' म्हणते. तेथे दोन्ही रूपे एकाच चालीत शेजारी ठेवली, तर एक रूप दुसऱ्याची चूक आहे असे न वाटता त्यांतील संबंध ध्यानात येतो. यानंतर संवाद आणि अखेरीस लेखन.

या क्रमातील पहिली पायरी सर्वांत कठीण आहे, कारण तेथे शिक्षकालाच नवशिके व्हावे लागते. मुलांच्या भाषेत त्याचे उच्चार चुकतील, मुले हसतील आणि त्याला सुधारतील. परंतु वर्गातील मौन मोडण्याची सुरुवात तेथूनच होईल. ज्याने स्वतः एकदा झील धरली आहे, त्याला गप्प बसलेल्या मुलाचे मौन अज्ञानाचे वाटणार नाही. ते मूल आपल्या आवर्तनाची वाट पाहत आहे, हे तो ओळखू शकेल.