कॅनडातलं काम, पीआर आणि खर्च : डहाणू-तलासरीकरांसाठी हिशेब

कॅनडात वर्षभर नोकरी केली की पीआर (कायम वास्तव्याचा हक्क) मिळतो, असं एजंट सांगतो आणि घरचे चिकूची वाडी तारण ठेवायच्या विचाराला लागतात. एजंटचं सांगणं अर्धंच असतं. नोकरी कुशल गटातली लागते, आणि वर्ष पूर्ण झाल्यावरही फक्त रांगेत उभं राहता येतं. पैसे बुडतात ते बहुतेक या दोन गोष्टी आधी न समजल्यामुळे.

ज्या योजनेबद्दल हे बोललं जातं ती ‘कॅनेडियन एक्स्पिरियन्स क्लास’, म्हणजे सीईसी. ती 2008 मध्ये सुरू झाली आणि 2015 पासून ‘एक्स्प्रेस एंट्री’ या ऑनलाइन पद्धतीतून चालते. अर्जाच्या आधीच्या तीन वर्षांत कॅनडातच, रीतसर परवान्यावर, एक वर्षाचं कुशल काम झालेलं हवं. ते तासांत मोजतात: एकूण 1,560. आठवड्याला 30 तासांपर्यंतचंच धरतात, त्यामुळे 50 तास राबून वर्ष लवकर संपवता येत नाही. अर्धवेळ काम चालतं, पण दुप्पट काळ लागतो. पूर्णवेळ शिकत असताना केलेलं काम आणि स्वतःचा धंदा यांतला एकही तास धरत नाहीत. क्यूबेक प्रांतात राहायचं असेल तर ही योजना नाही.

काम कुशल आहे की नाही, हे पगारावरून ठरत नाही. कॅनडा सरकारने प्रत्येक कामाला पाच आकडी क्रमांक आणि 0 ते 5 अशी पातळी दिली आहे. 0 ते 3 पातळीचं काम सीईसीला चालतं. एकाच हॉटेलच्या स्वयंपाकघरात उभी असलेली दोन मुलं घ्या. स्वयंपाकी तिसऱ्या पातळीत येतो, त्याचं वर्ष धरलं जातं. शेजारी भाजी चिरणारा, भांडी घासणारा मदतनीस पाचव्या पातळीत. त्याने तीन वर्षं काढली तरी सीईसीच्या खात्यात शून्य. दुकानातला विक्रेता आणि सुरक्षारक्षकही धरले जात नाहीत. वेल्डर, औद्योगिक इलेक्ट्रिशियन, ट्रकचालक, रुग्णालयातला परिचर्या साहाय्यक हे धरले जातात. आयटीआय झालेल्या मुलाने तिकडे गेल्यावर हाताला येईल ते काम धरण्याआधी हा क्रमांक पाहावा. आणि पदाचं नाव नव्हे, रोजचं काम पाहतात. पत्रावर ‘सुपरवायझर’ लिहून गल्ल्यावर उभं केलं असेल तर अर्ज अडकतो. खोटं पत्र सापडलं तर पाच वर्षं अर्ज करता येत नाही.

आता रांगेचं. अर्जदाराला वय, शिक्षण, भाषा आणि अनुभव यांवर गुण मिळतात आणि सरकार अधूनमधून सोडत काढून वरच्या गुणांच्या लोकांना बोलावतं. 2025 मध्ये सीईसीच्या सोडती 500 गुणांच्या वरच थांबत होत्या. एकट्या अर्जदाराला कॅनडातल्या एका वर्षाचे 40 गुण मिळतात, दोन वर्षांचे 53. वयाचे 29 पर्यंत 110 गुण असतात, पस्तिशीला ते 77 वर येतात आणि चाळिशीला 50 वर. म्हणून ‘आधी इथे थोडं कमावू, मग बघू’ हा सल्ला प्रत्येकाला परवडतोच असं नाही.

सर्वांत स्वस्त गुण इंग्रजीत आहेत. शून्य किंवा पहिल्या पातळीच्या कामाला भाषेची किमान सातवी पायरी लागते, म्हणजे आयईएलटीएस जनरलमध्ये प्रत्येक भागात 6. दुसऱ्या-तिसऱ्या पातळीच्या कामाला पाचवी पायरी पुरते. पण तेवढ्याने रांगेत पुढे सरकता येत नाही. सातवीवरून नववी पायरी गाठली, म्हणजे ऐकण्यात 8 आणि वाचन, लेखन, बोलणं या तिन्हींत 7 मिळाले, तर एकट्या अर्जदाराचे 56 गुण सरळ वाढतात. कॅनडात आणखी एक वर्ष काढून मिळतात ते 13. मराठी किंवा आदिवासी आश्रमशाळेत शिकलेल्या मुलाने क्लासवर आणि सरावावर खर्च करताना हात आखडता घेऊ नये. परीक्षेचा निकाल दोनच वर्षं चालतो, एवढं ध्यानात ठेवावं.

आपल्या भागासाठी खास महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. तलासरीहून रोज उंबरगाव, सरीगाम, वापीला जाणाऱ्यांचा तिथला अनुभवही गुण देतो. कॅनडाबाहेरचं तीन वर्षांचं कुशल काम आणि कॅनडातली दोन वर्षं मिळून 50 गुण होतात. कॅनडात एकच वर्ष असेल तर 25. पण तो अनुभव कागदावर सिद्ध करता आला पाहिजे, आणि इथेच गाडी अडते, कारण बहुतेक मुलं कंत्राटदाराच्या हजेरीपटावर असतात. कंत्राटदार बदलला की पत्र देणारा कोणी उरत नाही. म्हणून निघण्याआधीच पत्र घ्या: कंपनीच्या किंवा कंत्राटदाराच्या लेटरहेडवर, हुद्दा, रोजचं काम, आठवड्याचे तास, पगार, रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख, सही-शिक्का. सोबत पगाराच्या पावत्या, बँकेचं पासबुक आणि पीएफच्या यूएएन खात्याची नोंद. पीएफ कापला जात नसेल तर तो मुद्दा नोकरीत असतानाच उठवा. आखाती देशात काम केलेल्यांनीही असंच पत्र आणावं. सहा महिने सलग जिथे राहिलात त्या प्रत्येक देशाचा पोलीस दाखलाही लागतो, आणि तो परत आल्यावर मिळवणं जास्त त्रासाचं.

सरकारी शुल्क समजायला सोपं आहे. 30 एप्रिल 2024 च्या दराने प्रौढ माणसाला अर्जाचे 950 आणि कायम वास्तव्याच्या हक्काचे 575, मिळून 1,525 कॅनेडियन डॉलर. मुलामागे 260. बोटांचे ठसे आणि फोटो यांसाठी एकट्याला 85, कुटुंबाला 170. डॉलर 62 रुपयांनी धरला तर एकट्याचे सुमारे एक लाख रुपये, नवरा-बायको आणि एक मूल असेल तर सुमारे दोन लाख सोळा हजार. हे दर दर दोन वर्षांनी एप्रिलअखेर वाढतात, तेव्हा भरण्याच्या दिवशी सरकारी संकेतस्थळावरचा आकडा पाहा. याशिवाय इंग्रजीची परीक्षा, वैद्यकीय तपासणी आणि भारतातल्या पोलीस दाखल्याचे पासपोर्ट सेवेतले 500 रुपये. सीईसीला बँकेत ठरावीक रक्कम दाखवावी लागत नाही. बोलावणं आलं की 60 दिवसांत सगळे कागद द्यायचे असतात. ते आधीच तयार नसतील तर घाईत फाइल करून देणाऱ्याला जास्तीचे पैसे मोजावे लागतात. लग्न ग्रामपंचायतीत नोंदवलेलं नसेल, किंवा पासपोर्ट, शाळेचा दाखला आणि आधारवर नावं वेगवेगळी असतील तर ती दुरुस्ती आजच सुरू करा.

खरा मोठा खर्च या सगळ्याच्या आधीचा आहे. बरीच मुलं शिक्षणाच्या वाटेने जातात. 1 सप्टेंबर 2025 पासून विद्यार्थ्याला फीशिवाय पहिल्या वर्षाच्या राहण्या-खाण्यासाठी 22,895 डॉलर दाखवावे लागतात, म्हणजे सव्वाचौदा लाखांच्या आसपास. शिक्षणानंतरचा वर्क परमिट आयुष्यात एकदाच मिळतो, आणि नोव्हेंबर 2024 पासून पदवीखालच्या अनेक अभ्यासक्रमांना तो मिळतच नाही. त्यामुळे फी कमी आहे म्हणून कोणत्याही खासगी कॉलेजात नाव घालू नका. त्या अभ्यासक्रमाला वर्क परमिट मिळतो का, हा पहिला प्रश्न. साडेसात लाखांपुढच्या शैक्षणिक कर्जाला सरकारी बँका सहसा तारण मागतात. बँकेच्या शैक्षणिक कर्जातून फी पाठवली तर टीसीएस, म्हणजे परदेशी पैसे पाठवताना कापला जाणारा कर, लागत नाही. आदिवासी जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय बिगरआदिवासीला देता येत नाही, म्हणून कोऱ्या स्टॅम्पवर अंगठा घेऊन पैसे पुढे करणाऱ्या सावकारापासून लांबच राहा. अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्याची परदेशी शिष्यवृत्ती आहे; कर्जाआधी डहाणूच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात तिची चौकशी करा.

ज्याला ही रक्कम झेपत नाही त्याने जर्मनीकडेही पाहावं. महाराष्ट्राने 2024 मध्ये बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. नोव्हेंबर 2023 पासून तिथे कुशल कामगाराला तीन वर्षांनी कायम वास्तव्य मागता येतं. त्यासाठी 36 महिने पेन्शनची वर्गणी भरलेली आणि बी1 पातळीची जर्मन हवी. खर्च कमी, पण भाषेची आणि आपल्या प्रमाणपत्राला तिकडे मान्यता मिळवण्याची मेहनत जास्त.

आता एजंट. कॅनडाच्या पीआर अर्जासाठी पैसे घेऊन सल्ला देण्याचा हक्क तिथला वकील, क्यूबेकचा नोटरी किंवा इमिग्रेशन सल्लागारांच्या तिथल्या अधिकृत नियामक संस्थेचा परवानाधारक यांनाच आहे. परवाना क्रमांक मागा आणि नाव ऑनलाइन तपासा. भारतातून नोकरीवर पाठवणाऱ्या एजंटला 1983 च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदणी लागते आणि 30,000 रुपये व जीएसटी यांपलीकडे सेवाशुल्क घेता येत नाही. ती नोंदणी ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर दिसते. ‘ऑफर लेटर घ्या, पन्नास गुण वाढतील’ असं सांगून कोणी लाखो रुपये मागत असेल तर उठून या. नोकरीच्या ऑफरचे गुण 25 मार्च 2025 पासून बंद झाले आहेत. पहिला हप्ता देण्याआधी एजंटकडून तीन गोष्टी कागदावर घ्या: कामाचा पाच आकडी क्रमांक, स्वतःचा परवाना क्रमांक आणि पैसे कधी व किती परत मिळतील. यातलं एक जरी तो लिहून देत नसेल तर त्याला एक रुपयाही देऊ नका.