हलकी गाडी, हलके तेल आणि टाकीतली गफलत

जपानमध्ये गाडी घेणाऱ्या आपल्या मंडळींपैकी बरेच जण केइ-कारपासून सुरुवात करतात. ६६० सीसीपर्यंतचे इंजिन, पिवळी नंबरप्लेट आणि कमी कर. 'केइ' म्हणजे हलके. गंमत अशी की जपानीत डिझेललाही 'केइयु' म्हणतात, शब्दशः 'हलके तेल'. हलक्या गाडीला हलके तेल असा हिशेब मनात जुळला की घोळ झालाच, कारण केइ-कार पेट्रोलवर चालतात. ही चूक खुद्द जपानी लोकही करतात.

भारतात पंपावरचा माणूस तेल भरतो, आपण फक्त 'झिरो' बघतो. जपानमध्ये १९९८ पासून सेल्फ-सर्व्हिस पंपांना परवानगी मिळाली, आणि तेव्हापासून नळी आपल्याच हातात आली. सेल्फ पंपावर रंग ठरलेले असतात: लाल म्हणजे साधे पेट्रोल (रेग्युरा), पिवळा म्हणजे हाय-ऑक्टेन (हाइओकु), हिरवा म्हणजे डिझेल. नळी टाकीत शिरली म्हणजे तेल बरोबर आहे, असे मात्र समजू नये.

चुकीचे तेल गेले तर नेमके काय बिघडते?

पेट्रोल इंजिनात इंधनाची वाफ ठिणगीने पेटते. डिझेलची वाफ सहजासहजी होत नाही. गाडी आधी नळ्यांत उरलेल्या पेट्रोलवर चालते, मग आचके देते, धूर सोडते आणि बंद पडते. हिगाशी-कसाईच्या पंपावरून निघालेली गाडी कान्नाना-दोरीच्या मधोमध अडकू शकते.

उलटा प्रकार जास्त महागात पडतो. आजच्या डिझेल इंजिनात इंधनाचा दाब दीड-दोन हजार बारपर्यंत चढतो आणि तो निर्माण करणाऱ्या पंपाला वंगण मिळते ते डिझेलचेच. पेट्रोल गेले की वंगण पातळ होते, धातूवर धातू घासतो आणि त्याचा कीस थेट इंजेक्टरपर्यंत पोचतो.

म्हणून पहिला नियम: इंजिन सुरू करू नका. स्टार्टचे बटणही दाबू नका, कारण बऱ्याच गाड्यांत इंजिन सुरू होण्याआधीच टाकीतला पंप तेल पुढे ढकलू लागतो. टाकीतले तेल टाकीतच राहिले, तर ते काढून टाकण्यावर भागते. पुढे गेले, तर दुरुस्तीचे बिल वाढत जाते.

'घरीच पाइप लावून काढू' का नको?

डिझेलचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते तो, साधारण ४५ अंश सेल्सिअसच्या वर असतो. पेट्रोलचा उणे ४० अंशांच्या आसपास. डिझेलमध्ये थोडे पेट्रोल मिसळले तरी मिश्रणाचा फ्लॅश पॉइंट झपाट्याने खाली येतो. लक्षात ठेवण्याची गोष्ट हीच: टाकीत मिसळ झाली की ती सगळी टाकी पेट्रोलचीच समजायची.

आता थोडा हिशेब करू. १ लिटर पेट्रोल पूर्ण उडाले तर सुमारे २०० लिटर वाफ होते. हवेत ती दीड टक्क्याच्या आसपास असली तरी पेट घेऊ शकते. म्हणजे एका लिटरपासून १३-१४ घनमीटर ज्वलनशील हवा तयार होऊ शकते. सहा तातामींच्या खोलीचा अर्ध्याहून जास्त भाग! शिवाय ही वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. ती वर उडून जात नाही, जमिनीलगत पसरते, आणि मॅन्शनच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये साचून राहते.

आणि ठिणगी? टोक्योच्या कोरड्या हिवाळ्यात ती आपल्या अंगावरच असते. शरीराची विद्युत धारिता सुमारे १०० पिकोफॅरड धरा आणि विद्युत दाब ३,००० व्होल्ट. ऊर्जा = ½ × धारिता × दाबाचा वर्ग = ०.४५ मिलिज्यूल. एवढा झटका बोटाला जेमतेम जाणवतो, पण पेट्रोलची वाफ पेटायला पाव मिलिज्यूल पुरते. प्लॅस्टिकच्या पाइपातून वाहणारे पेट्रोल स्वतःही असा भार साठवत जाते.

तोंडाने ओढण्याचा विचार तर करूच नका. पेट्रोलचा एक घोट फुप्फुसात गेला तर रासायनिक न्यूमोनिया होऊ शकतो. चुकून गिळले गेले तर उलटी काढायची नाही (उलटीबरोबर ते फुप्फुसात शिरते), सरळ रुग्णालय गाठायचे.

गॅरेजवाले काय वेगळे करतात?

ते मोकळ्या हवेत काम करतात. ठिणगी न पाडणारा, बहुधा दाबाच्या हवेवर चालणारा पंप वापरतात. गाडी आणि धातूचे पिंप तारेने जोडून जमिनीला अर्थ करतात, म्हणजे दोघांमध्ये विद्युत दाबाचा फरकच उरत नाही. टाकी रिकामी करून, योग्य इंधनाने धुऊन, गरजेप्रमाणे फिल्टर बदलतात. काढलेले तेल धोकादायक कचरा म्हणून परवानाधारकाकडे जाते. घरच्या मोरीत किंवा रस्त्याकडेच्या गटारात ते ओतले, तर आग, स्फोट आणि नदीचे प्रदूषण हे तिन्ही धोके एकदम ओढवतात.

मग आपण काय करायचे?

गाडी पंपावरच असेल तर तिथल्या कर्मचाऱ्याला बोलवा. सेल्फ पंपावरही देखरेखीला माणूस असतोच. गाडी ढकलायची तर त्यांच्या सांगण्यानुसारच. जपानी येत नसेल तर ही दोन वाक्ये पुरतील: "नेन्र्यो ओ इरे-माचिगाएमाशिता" (चुकीचे इंधन भरले) आणि "एन्जिन वा काकेते इमासेन" (इंजिन सुरू केलेले नाही). दुसरे वाक्य खरे असणे महत्त्वाचे. गाडी ओढून न्यायची असेल तर 'जाफ'चा रस्तामदतीचा क्रमांक आहे #८१३९.

नवी किंवा भाड्याची गाडी हातात आली की आधी टाकीच्या झाकणाची आतली बाजू बघा. कोणते इंधन भरायचे ते बहुतेक गाड्यांत तिथेच लिहिलेले असते.