दूरचित्रवाणीचा वार्ताहर

चिपळूणहून कराडकडे जाणारा रस्ता कुंभार्ली घाट चढू लागण्यापूर्वी अलोरे हे गाव लागते. कोयना जलविद्युत प्रकल्पामुळे या लहानशा गावाचे नाव सर्वतोमुखी झाले. पूर्वेकडे वाहणाऱ्या कोयनेचे पाणी बोगद्यांतून सह्याद्रीच्या अलीकडे पोफळीस आणले जाते. तेथून ते कोळकेवाडीच्या धरणात साठते आणि अलोऱ्याच्या वीजगृहातील ८० मेगावॅटची चार यंत्रे फिरवून अखेर वाशिष्ठी नदीस मिळते.

अशा मुलखात बातम्यांना तोटा नसतो. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे कोयनेच्या परिसरात मोठा भूकंप झाला, तेव्हा महाराष्ट्रात दूरचित्रवाणी नव्हती. मुंबईचे केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. पुढे २००७ साली चोवीस तास बातम्या देणाऱ्या मराठी वाहिन्या निघाल्या आणि तालुक्याच्या गावीही वाहिनीला आपला माणूस हवासा झाला.

हा माणूस बहुधा त्याच भागातला असतो. आरंभी तो एखाद्या वर्तमानपत्रास गावच्या बातम्या लिहून पाठवतो. ग्रामसभा, शाळेचे स्नेहसंमेलन, भाताचे नुकसान, बंद पडलेली एस. टी. यांतूनच त्याचे शिक्षण होते. पुष्कळांना मासिक वेतन नसते. बातमीमागे मानधन मिळते. म्हणून कोणी दुकान चालवतो, तर कोणी शेती पाहतो. दूरचित्रवाणीकडे वळल्यावर चित्रीकरणही बरेचदा त्याला स्वतःच करावे लागते. वाहिनीचे बोधचिन्ह लावलेल्या ध्वनिग्राहकाला हे लोक ‘बूम’ म्हणतात. ते हाती आले म्हणजे गावात मान वाढतो खरा. पण पावसात ते छत्रीखाली सांभाळताना स्वतः भिजावे लागते, हे पडद्यावर दिसत नाही.

त्याची खरी परीक्षा संकटात होते. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातील तिवरे येथील धरण फुटले आणि भेंदवाडीतील घरे माणसांसह वाहून गेली. त्यानंतर दोनच वर्षांनी, २२ जुलै २०२१ रोजी, वाशिष्ठीला महापूर आला. चिपळूणची बाजारपेठ पाण्याखाली गेली. वीज गेली, दूरध्वनी मुके झाले, आणि परगावी असलेले नातेवाईक पडद्याकडे डोळे लावून बसले. अशा वेळी ‘कोळकेवाडीचे धरण फुटले’ अशी आवई कोणी उठवली, तर तिवऱ्याची आठवण ताजी असलेले लोक तिच्यावर तत्काळ विश्वास ठेवतील. अंधारात जीव घेऊन पळणारी माणसे सुरक्षित माडी सोडून थेट पुराच्या तोंडी जातील. म्हणून ऐकीव वार्ता आधी सांगून दुसऱ्या वाहिनीवर मात करण्याचा मोह वार्ताहराने आवरावयाचा असतो. हे बोलणे सोपे आहे. मुंबईच्या कचेरीतून दर पाच मिनिटांनी विचारणा होत असताना ते पाळणे फार कठीण.

महापूर ओसरल्यावर कोळकेवाडीतून सोडलेल्या पाण्याविषयी चिपळुणात मोठा वाद झाला. येथे वार्ताहराचे काम निराळे. पाणी किती वाजता सोडले, किती सोडले, भरतीची वेळ कोणती होती, हे त्याने अधिकाऱ्यांना विचारावयाचे. आणि ज्याचे दुकान बुडाले त्याचे म्हणणेही तितक्याच आदराने ऐकावयाचे.

ही वाट नवी नाही. आज सिंधुदुर्ग जिल्ह्यात असलेल्या पोंभुर्ले गावच्या बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत ‘दर्पण’ सुरू केले, तेव्हा त्यांची विशीही उलटली नव्हती. त्या पत्राच्या पानावर एका स्तंभात मराठी व दुसऱ्यात इंग्रजी मजकूर असे, म्हणजे राज्यकर्त्यांनाही लोकांचे म्हणणे वाचता येई. महाराष्ट्रात ६ जानेवारी हा ‘पत्रकार दिन’ म्हणून पाळला जातो. त्या दिवशी तालुक्याच्या गावी वार्ताहरांचा सत्कार होतो. तोही कार्यक्रम त्यांच्यापैकीच एकाला चित्रित करून पाठवावा लागतो, आणि मग सत्काराच्या छायाचित्रात तो स्वतः नसतो.