कधीमधी चालणाऱ्या कटरचे पेट्रोल : कोणते घ्यावे, कसे ठेवावे

लाकूड कापण्याचा पेट्रोलवरचा चेनसॉ, ज्याला आपल्याकडे सगळे नुसते 'कटर' म्हणतात, तो आता वखारवाल्यांपुरता राहिलेला नाही. निमोणे आणि शिरूर-दौंडच्या पट्ट्यात सुतार, बंगई-दरवाजे करणारे कारागीर, शेड उभारणारे, शेत राखणारे व्यापारी अशा अनेकांनी तो घेऊन ठेवला आहे. बांधावरची बाभूळ वठली, वादळात लिंबाची फांदी पडली किंवा वेडी बाभूळ वाटेवर आली की कटर बाहेर निघतो. दोन दिवस चालतो आणि पुन्हा चार-सहा महिने कोपऱ्यात उभा राहतो.

आमच्या कापडाच्या दुकानात बाजारच्या दिवशी जी मंडळी येतात, त्यांच्या तोंडी कटरबद्दल एकच तक्रार असते : 'मागल्या वेळी ठणठणीत चालला, आता सुरूच होत नाही.' मिस्त्री उघडून पाहतो तर कार्बोरेटर चिकटलेला, रबरी नळी तडकलेली, आणि नशीब वाईट असेल तर पिस्टनला चरे. यंत्र वापरल्याने बिघडले असते तर समजण्यासारखे होते. हे तर उभे राहून बिघडते, आणि त्याचे कारण बहुतेक वेळा टाकीतले पेट्रोल असते. म्हणून या लेखात पेट्रोल निवडणे, मिसळणे आणि ठेवणे एवढाच विषय घेतला आहे.

पेट्रोल पूर्वीचे राहिले नाही

आपल्यापैकी पन्नाशीच्या मंडळींनी बजाज स्कूटर आणि लुना वापरल्या आहेत. पंपावर पेट्रोलबरोबर 'टूटी' ऑईल घालून घेण्याची सवय सर्वांना होती. कटरचे इंजिनही त्याच जातीचे, टू-स्ट्रोक आहे. फरक दोन आहेत. स्कूटर रोज चालायची, त्यामुळे टाकीतले पेट्रोल शिळे व्हायला वेळच मिळत नसे. दुसरे, त्या काळच्या पेट्रोलमध्ये एथेनॉल नव्हते.

एथेनॉल म्हणजे उसाच्या मळीपासून, रसापासून किंवा धान्यापासून काढलेला अल्कोहोल. पेट्रोलमध्ये तो मिसळण्याचे पहिले प्रयोग २००१ साली झाले. त्यांतील दोन ठिकाणे आपल्याच राज्यातली होती, मिरज आणि मनमाड. तिसरे उत्तर प्रदेशात बरेलीजवळचे आंवला. जानेवारी २००३ पासून ५ टक्के मिश्रणाची योजना ज्या नऊ राज्यांत सुरू झाली त्यांत महाराष्ट्र होता. जून २०२२ मध्ये देशाने १० टक्क्यांचा टप्पा गाठला. फेब्रुवारी २०२३ मध्ये २० टक्के मिश्रणाचे पेट्रोल निवडक पंपांवर आले आणि २०२५ साली तेच देशभर सर्रास मिळू लागले. ५ जून २०२१ रोजी शुद्ध एथेनॉल विकणाऱ्या पंपांचा प्रयोगही पुण्यातच सुरू झाला होता.

आपला भाग उसाचा आहे. एथेनॉलमुळे कारखान्यांना आणि शेतकऱ्यांना चार पैसे मिळतात, देशाचे परकीय चलन वाचते. तेव्हा एथेनॉल वाईट असे म्हणण्याचे कारण नाही. रोज चालणाऱ्या नव्या मोटारसायकली त्याला धरूनच बनतात. पण कटरच्या बऱ्याच पुस्तिकांत १० टक्क्यांपर्यंतच एथेनॉल चालेल असे लिहिलेले असते. आपल्या यंत्राची मर्यादा किती, हे पुस्तिकेत पाहावे. पुस्तिका हरवली असेल तर विक्रेत्याला विचारावे.

उभ्या पेट्रोलचे काय होते

कापडाचा तागा दोन हंगाम पडून राहिला तर फार तर घडीवर रंग उतरतो, भाव पडतो. पेट्रोलचे तसे नाही. ते तीन प्रकारे खराब होते.

पहिले : पेट्रोलमधला हलका भाग, ज्याने इंजिन झटक्यात पेट घेते, तो उडून जातो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये हे फार लवकर होते.

दुसरे : उरलेले पेट्रोल हवेशी संयोग होऊन चिकट होते. हा डिंकासारखा थर कार्बोरेटरच्या सुईएवढ्या छिद्रांत बसतो आणि आतला पातळ पडदा कडक होतो.

तिसरे : एथेनॉल हवेतली ओल ओढतो. डबा किंवा टाकी दिवसा तापते, रात्री निवते आणि प्रत्येक वेळी थोडी हवा आत घेते. थोडे पाणी एथेनॉल पोटात सामावून घेतो. मर्यादा ओलांडली की पाणी आणि एथेनॉल मिळून तळाशी बसतात, वर पेट्रोल राहते. टू-स्ट्रोक ऑईल वरच्या पेट्रोलमध्येच राहते. कटरच्या टाकीतील नळीच्या टोकाला वजनदार गाळणी असते आणि ती नेमकी तळाशी पडलेली असते. म्हणजे इंजिनाला मिळते ते ऑईल नसलेले पाणीदार मिश्रण. कटरला वेगळी ऑईलची टाकी नसते (साखळीच्या तेलाची टाकी निराळी), इंजिनाला वंगण मिळते ते पेट्रोलमधूनच. वंगण तुटले की काही मिनिटांत पिस्टन सिलिंडरला धरतो.

कोणते पेट्रोल घ्यावे

पंपावर गर्दी असलेल्या ठिकाणचे ताजे पेट्रोल घ्यावे. ज्या पंपावर माल लवकर खपतो तिथे तो शिळा नसतो. हा नियम कापडाला लागू आहे तसा पेट्रोललाही.

९५ ऑक्टेनचे महाग पेट्रोल घेतले म्हणजे एथेनॉल टळला, असे समजू नये. ऑक्टेन आणि एथेनॉल या वेगळ्या गोष्टी आहेत. १०० ऑक्टेनचे पेट्रोल डिसेंबर २०२० पासून पुण्यासह काही शहरांत मिळू लागले. त्यात एथेनॉल नसतो असे सांगितले जाते. कामासाठी पुण्याला जाणे होतच असेल आणि तिथल्या पंपावर ते मिळाले तर कटरसाठी दोन लिटर आणायला हरकत नाही. मात्र ऐकीव माहितीवर न जाता स्वतः तपासून घ्यावे.

तपासणी सोपी आहे. सरळ उभी काचेची बाटली घ्यावी. मेडिकलमधून आणलेल्या २० मिलीच्या सिरिंजने तीत २० मिली पाणी घालावे आणि पाण्याच्या रेघेवर बाहेरून दोरा बांधावा. वर ८० मिली पेट्रोल घालून, बूच लावून हलवावे, हळूच बूच सैल करून वाफ सोडावी आणि दहा मिनिटे ठेवावे. खालचे पाणी दोऱ्याएवढेच राहिले तर एथेनॉल नाही. रेघ दोऱ्याच्या वर चढली तर जितकी जास्त चढली तितका एथेनॉल जास्त. हे काम उघड्यावर, विस्तवापासून दूर करावे आणि ते पेट्रोल पुन्हा यंत्रात घालू नये.

काही जण याच युक्तीने सगळे पेट्रोल पाण्याने 'धुऊन' वापरतात. तसे करू नये. एथेनॉल काढल्यावर उरलेल्या पेट्रोलचा ऑक्टेन घसरतो आणि त्यात ओल राहते. एक दुखणे घालवून दुसरे घेण्यासारखे ते आहे.

युरोपात अशा यंत्रांसाठी एथेनॉल नसलेले, वर्षानुवर्षे टिकणारे तयार मिश्रण सीलबंद डब्यांत विकतात. आपल्या तालुक्याच्या बाजारात ते सहज मिळत नाही. तेव्हा आपला उपाय एकच : पेट्रोल ताजे, थोडे आणि कामापुरते.

ऑईल आणि प्रमाण

ऑईल हवेने थंड होणाऱ्या टू-स्ट्रोक इंजिनाचेच हवे. डब्यावर 'जासो एफडी' किंवा 'एफसी' असा दर्जा पाहावा. मोटारसायकलचे फोर-स्ट्रोक ऑईल, बोटीच्या इंजिनाचे ऑईल किंवा गॅरेजमधले जळके ऑईल चालत नाही.

प्रमाण पुस्तिकेत दिलेले असेल तेच धरावे. कंपनीच्या स्वतःच्या ऑईलला साधारण ५० ला १ असते. साध्या ऑईलला किंवा स्वस्त यंत्रांना पुष्कळदा २५ ला १ लिहिलेले असते. हिशेब असा :

१ लिटर पेट्रोल : ५० ला १ असेल तर २० मिली, २५ ला १ असेल तर ४० मिली.
२ लिटर पेट्रोल : ४० मिली किंवा ८० मिली.
५ लिटर पेट्रोल : १०० मिली किंवा २०० मिली.

बाटलीच्या टोपणाने अंदाजे ओतू नये. वरची सिरिंज इथेही उपयोगी पडते. आधी डब्यात निम्मे पेट्रोल, मग सगळे ऑईल, हलवून मग उरलेले पेट्रोल आणि पुन्हा हलवावे. प्रत्येक वेळी टाकी भरण्याआधी डबा हलवावा. मिश्रण कटरच्या टाकीत करू नये.

फवारणीचा पंप, गवत कापायचे यंत्र टू-स्ट्रोक असेल तर त्यालाही हेच लागू आहे. दुकानातला जनरेटर बहुधा फोर-स्ट्रोक असतो. त्यात साधे पेट्रोल घालावे, मिश्रण नव्हे. म्हणून डब्यावर मोठ्या अक्षरांत 'मिश्रण', प्रमाण आणि तारीख लिहावी. गड्याला किंवा मुलाला चूक करायला जागाच ठेवू नये.

साठवण

मिश्रण एक महिन्याच्या आत संपवावे. जास्त दिवस ठेवायचेच असेल तर पेट्रोल टिकवण्याचे औषध, म्हणजे स्टॅबिलायझर, मिळते. पण ते ताज्या पेट्रोलमध्ये पहिल्याच दिवशी घालावे लागते. शिळे पेट्रोल त्याने ताजे होत नाही.

डबा कोणता घ्यावा, याबद्दल कायदा स्पष्ट आहे. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्याच्या कलम ८ प्रमाणे विक्रीसाठी नसलेले पेट्रोल एकूण ३० लिटरपर्यंत परवान्याशिवाय ठेवता येते. पण ते घट्ट बुचाच्या काच, चिनी माती किंवा धातूच्या भांड्यात हवे. काच व चिनी मातीचे भांडे १ लिटरपेक्षा आणि धातूचे २५ लिटरपेक्षा मोठे नसावे. पाण्याच्या प्लास्टिक बाटलीचे नाव यात नाही, आणि ते योग्यच आहे. रंग सरबतासारखा, हातात आली की लहान मूल तोंडाला लावणार.

दोन किंवा पाच लिटरचा धातूचा डबा पुरेसा आहे. पंपावर तो जमिनीवर ठेवून भरून घ्यावा, गाडीवर ठेवून नव्हे. त्यामुळे स्थिर विजेची ठिणगी पडण्याचा धोका कमी होतो. डबा काठोकाठ भरू नये, वाफेला थोडी जागा ठेवावी. अर्धा रिकामा डबा महिनोन्महिने ठेवणेही वाईट, कारण आतल्या हवेबरोबर ओल येते.

आता आमच्या धंद्यातील बंधूंना खास सांगणे. कापडाचे दुकान, शिलाईचा कारखाना, गादीचा कापूस, सुताराचा भुसा, यांच्या छताखाली पेट्रोलचा डबा ठेवू नये. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत सरकत जाते आणि पलीकडच्या खोलीतली इस्त्री, स्टोव्ह, सोनाराची फुंकणी, उदबत्ती यांना जाऊन भिडते. पेट्रोल शून्याखाली ४० अंशांच्या थंडीतही पेटण्याजोगी वाफ सोडते, मग आपल्या उन्हाळ्याची काय कथा. डब्याची जागा घर-दुकानापासून वेगळी, सावलीची, वारा खेळता असलेली आणि कुलपाची असावी.

यंत्र ठेवताना आणि काढताना

महिन्याभरापेक्षा जास्त काळ कटर लागणार नसेल तर टाकी उघड्यावर रिकामी करावी. मग इंजिन सुरू करून मंद गतीवर आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्यावे. कार्बोरेटरमध्ये पेट्रोल उरले नाही की चिकटायला काही राहत नाही. निघालेले मिश्रण ताजे असेल तर शेजारच्या लाकूडवाल्याला द्यावे, त्याच्या एका दिवसात संपेल. जुने झाले असेल तर गटारात, विहिरीजवळ किंवा चुलीत मुळीच ओतू नये. काय आहे ते सांगून गॅरेजवाल्याकडे द्यावे.

पुन्हा काढताना आधी नळी आणि गाळणी पाहावी. ताजे मिश्रण भरून दोन-तीन मिनिटे मंद चालवावे. पेट्रोल भरले त्या जागेपासून दहा पावले दूर जाऊन सुरू करावे आणि तापलेल्या इंजिनात पेट्रोल घालू नये. कटर नुसत्या चोकवर चालत असेल, किंवा आवाज एकदम चढून बंद पडत असेल, तर इंजिनाला पेट्रोल कमी मिळते आहे असे समजावे. कमी पेट्रोल म्हणजे कमी वंगण. अशा वेळी 'एवढी एक फांदी उरकू' म्हणून जोर लावू नये, थांबून मिस्त्रीला दाखवावे. एथेनॉलमध्ये प्राणवायू असल्यामुळे २० टक्क्यांच्या पेट्रोलवर हवा-पेट्रोलचे प्रमाण जरा बदलते. जुन्या कटरचा स्क्रू जाणकाराकडूनच लावून घ्यावा.

शेवटी हिशेब

वर्षातून चार वेळा कटर काढणाऱ्याने प्रत्येक वेळी अर्धा लिटर मिश्रण उरले म्हणून सोडले, तरी वर्षाचे दोन लिटर होतात. लिटर शंभराच्या पुढे धरले तरी खर्च दोन-सव्वादोनशे आणि वर थोडे ऑईल. पिस्टन-सिलिंडर बदलायचा तर हजारांत पैसे जातात, पार्ट येईपर्यंत काम अडते आणि गिऱ्हाईक दुसरीकडे वळते. उरलेले वाचवण्याच्या नादात हा सौदा तोट्याचा ठरतो. त्यापेक्षा काम किती आहे पाहून लिटर-अर्धा लिटरच मिसळावे, म्हणजे उरणारही नाही.

आणि ज्याला वर्षातून एकदाच दोन तास कटर लागतो, त्याने विकत घेण्याआधी विचार करावा. जवळ वीज असेल तर विजेवरचा कटर पेट्रोलची सगळी काळजी मिटवतो. नसेल तर रोज लाकूड तोडणाऱ्या कारागिराला मजुरी देऊन काम करून घ्यावे. त्याचे यंत्र चालते असते, पेट्रोल ताजे असते, आणि आपल्या पैशाने एका घरची रोजी निघते.